हातचे दोन

“आणि मॅडम, तुम्ही किती धरलंय?” असं शिवलिंगप्पांनी विचारलं तेव्हा पौर्णिमाच्या तोंडात अर्धं बिस्कीट होतं. धाराशिवच्या जिल्हा परिषदेचं सभागृह, एप्रिल सरत आलेला, पंखे गरम हवा इकडून तिकडं ढकलत होते आणि येत्या एकतीस मेला घरी जाणारी सगळी मंडळी शाळेतल्या पोरांसारखी ओळीनं बसली होती. निवृत्तीनंतर पैसा आणि दवाखाना कसा सांभाळायचा हे सांगायला शिवलिंगप्पांना बोलावलं होतं. हे उमरग्याकडचे गृहस्थ, कोषागारातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, अंगानं काटक, मराठी बोलता बोलता वाक्याच्या शेवटी कानडी हेल काढणारे. आल्या आल्या त्यांनी “एक जूनवाल्यांनी हात वर करा” असं फर्मान सोडलं होतं आणि सभागृहातले जवळजवळ सगळे हात वर गेले होते. त्या काळी जूनमध्ये शाळा उघडली की मास्तर दिसेल ते पोर पकडून आणायचे, आईबापाला तिथी ठाऊक असायची पण तारीख नाही, मग मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळं आपण सगळे एकाच दिवशी जन्मलो आणि आता एकाच दिवशी घरी चाललो, असं शिवलिंगप्पा म्हणाले तेव्हा लोक पोट धरून हसले. पौर्णिमाही हसली. तिचीही तारीख तीच होती. मग ते म्हणाले होते, हिशेबात पहिला आकडा पेन्शनचा नसतो आणि खर्चाचाही नसतो, पहिला आकडा आपण किती वर्षं जगणार हा असतो, तो धरल्याशिवाय पुढचं सगळं हवेत. बांधकाम विभागातले गोरोबा मागून म्हणाले, “साहेब, ते आपल्या हातात थोडंच असतंय.” त्यावर शिवलिंगप्पा म्हणाले, “हातात न्हाय म्हणून तर धरा म्हणतोय.” आणि तेवढ्यात त्यांची नजर फिरत फिरत बिस्कीट खाणाऱ्या बाईवर येऊन थांबली.

“बासष्ट,” पौर्णिमा म्हणाली. तिनं विचार केला नाही. घराचा पत्ता सांगावा तसं ते तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर तिला कळलं की हा आकडा आपण आजवर कुणालाच, अगदी स्वतःलासुद्धा, मोठ्यानं सांगितलेला नव्हता.

“बासष्ट?” शिवलिंगप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. “अट्ठावन्न तर महिन्याभरात पुरी करताय तुम्ही. चार वर्षांत एवढी कुठं जायची घाई हाय?”

“वडील बासष्टला गेले,” ती म्हणाली, “आणि आमचे मिस्टर त्रेपन्नला.”

“आणि आई?”

“आई हाय की. ढोकीला असती.”

“किती वयाची?”

“असंल अठ्ठ्याहत्तर.”

शिवलिंगप्पांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग अगदी हळू, एखाद्या बिलावरची चूक दाखवावी तसे म्हणाले, “मॅडम, मिस्टरांचं वय तुम्हाला कसं लागू होईल? ते काय कुटुंब निवृत्तिवेतन हाय का? आणि आई अठ्ठ्याहत्तरची चालतीबोलती असताना तिला हिशेबातनं वगळली कुणी?” सभागृह पुन्हा हसलं, गोरोबांनी तर बाकावर थाप मारली, आणि शिवलिंगप्पा पुढच्या माणसाकडं वळले. पौर्णिमाच्या मात्र छातीत काहीतरी वर उडालं आणि खाली आलंच नाही. कान तापले. ही लाज आहे असं तिला आधी वाटलं, पण लाजेनं माणूस आक्रसतं आणि ती तर आतून पसरत चालली होती. एवढी साधी गोष्ट. नवऱ्याचं मरण बायकोच्या रक्तात कुठून येणार? तिनं वीस वर्षं लोकांचे प्रवासभत्ते तपासले होते, दोन रुपयांचा फरक शोधून फायली परत पाठवल्या होत्या, आणि स्वतःच्या आयुष्याची बेरीज करताना दोन पुरुषांची मरणं मांडून एका बाईचं जगणं सरळ गाळून टाकलं होतं.

बासष्ट हा आकडा तिच्या घरात कधी येऊन बसला ते आठवायचा तिनं प्रयत्न केला. नवरा मिलिंद गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी, बहुधा. अंगणात मांडव, भन्तेजींचा संथ आवाज, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, आणि त्या सगळ्यांत बसून तिच्या डोक्यात एक शांत, जवळजवळ सुखाचा विचार आला होता की आता आपलंही फार लांब नाही. वडील कोंडीराम साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर थोड्याच वर्षांत छातीत कळ येऊन गेले, तेव्हा ते बासष्टचे होते. तेवढं आपल्याला पुरे. कुणी तिला असं म्हटलं नव्हतं, कुणी अपेक्षाही केली नव्हती. पण त्या दिवसापासून ती बासष्टच्या मापानं कापड फाडत आली. दाढ पडली तर नवी बसवली नाही, चार वर्षांसाठी कशाला. आरोग्य विम्याचा माणूस ऑफिसात आला तर चहा पाजून वाटेला लावला, चार वर्षांसाठी कशाला. गुडघ्याचं डॉक्टर म्हणाले, बाई आता लांबवू नका, तर म्हणाली, चालतंय तोवर चालू द्या. गादीतला कापूस गोळा होऊन पाठीला टोचत होता. तिनं गादीची बाजू बदलली आणि त्यातही आपण किती काटकसरी असं तिला वाटलं. लोक तिला साधी म्हणत. साधी कसली, ती सामान बांधून फलाटावर बसलेली होती आणि गाडी येत नाही म्हणून कुणाला त्रास द्यायचा नाही एवढंच तिनं ठरवलं होतं.

आणि पेन्शन विकायचं तर तिनं केव्हाच नक्की केलं होतं. कागदावर त्याला अंशराशीकरण म्हणतात, ऑफिसात सगळे ‘पेन्शन विकणं’ म्हणतात. महिन्याच्या पेन्शनमधला काही भाग सरकारला देऊन टाकायचा, त्याबदली एकरकमी पैसे घ्यायचे, आणि पंधरा वर्षांनी तो भाग परत सुरू होतो. पंधरा वर्षं बघायचीच नाहीत त्या माणसाला याच्यासारखा सौदा नाही. चार वर्षं कमी पेन्शन घ्यायची आणि उरलेल्या अकरा वर्षांचं सरकारनं बघावं. या विचारानं तिला आजवर गुपचूप गंमत वाटायची, आपण सरकारला फसवून पसार होणार म्हणून. ते सगळे पैसे, वर ग्रॅच्युइटी, प्रसेनजितच्या पुण्यातल्या फ्लॅटला. पोरगं गुणी होतं. त्यानं कधी मागितले नाहीत, तीच म्हणाली होती, तू बुक कर, जूनमध्ये देते. सोमवारी विकल्पाचा अर्ज पुढं जायचा होता. सही तेवढी बाकी होती.

चहाची सुट्टी झाली तेव्हा ती बाहेर आली आणि पुन्हा आत गेलीच नाही. ऊन असं होतं की डांबर चपलेला ओढत होतं. पण तिला घरीही जावंसं वाटेना आणि ऑफिसातही. पायांत एक विलक्षण हुशारी आली होती, दुखरा गुडघासुद्धा त्या घाईत सामील झाल्यासारखा पुढं पडत होता. लहानपणी परीक्षा संपल्यावर शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताना व्हायचं तसं काहीतरी. समजा ऐंशी. तिनं नुसतं म्हणून बघितलं. मग जरा इकडं तिकडं पाहून, कुणी ऐकत नाही अशी खात्री करून, ओठांतल्या ओठांत ‘पंच्याऐंशी’ म्हटलं आणि तिला एकदम चोरी केल्यासारखं वाटलं. एवढं मागायचं असतं का? कुणाच्या वाटचं घेतोय का आपण? विधवा बाई, पोरगं कामाला लागलेलं, नोकरी संपलेली, आता पुढं तीस वर्षं ही कशासाठी राहणार, असं कुणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं हे तिला ठाऊक नव्हतं. आणि उत्तर नसूनही हवीत ती वर्षं, हे मात्र पोटात ठाम होतं, भूक लागल्यासारखं.

स्टँडच्या अलीकडं शरणबसप्पांचं चपलांचं दुकान आहे. मिलिंद असल्यापासून ती तिथूनच रबरी सपाता घ्यायची, सगळ्यांत स्वस्त. आज ती आत शिरली आणि मऊ तळाची, टाचेला उचलून धरणारी, डॉक्टरांनी सांगितलेली ती चप्पल दाखवा म्हणाली. शरणबसप्पांनी तीन खोकी उघडली. तिनं चालून बघितलं. पाय जमिनीला लागतच नव्हते, किंवा लागत होते आणि जमीन दुखवत नव्हती.

“दहा वर्षं टिकंल का?” तिनं विचारलं.

“बाई, चप्पल दहा वर्षं कुणाची टिकती?” शरणबसप्पा म्हणाले. “दोन वर्षं धरा. जपून वापरली तर.”

“मग पंधरा जोड लागतील मला,” पौर्णिमा म्हणाली.

“दुकान टाकताय का काय?” त्यांनी विचारलं. तिला जे हसू फुटलं ते आवरेना, काउंटरला हात टेकून ती हसत राहिली, आणि शरणबसप्पा आधी घाबरले, मग तेही हसायला लागले. जुन्या सपाता तिनं तिथंच सोडल्या. पैसे देताना तिच्या मनात आलं की आयुष्यात पहिल्यांदाच आपण स्वतःसाठी काही घेताना ‘किती दिवसांसाठी’ असा हिशेब उलटा केला.

ढोकीची गाडी लागलेलीच होती. खिडकीचं लोखंड भाजत होतं म्हणून तिनं त्यावर पिशवी टेकवली आणि गाडी हलली तशी तिची हुशारीही थोडी हलली. कारण लांब जगायचं म्हणजे नुसत्या चपला नव्हेत. तिला सोलापूरचा दवाखाना आठवला. मिलिंदच्या किडन्या गेल्या तेव्हा आठवड्यातून दोनदा पहाटेची गाडी पकडून ते दोघं सोलापूरला जायचे, आणि तो आत यंत्राला जोडलेला असताना ती बाहेरच्या बाकावर पावत्यांची प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन बसायची. तिथं ओळीनं बायका असायच्या, सगळ्यांच्या मांडीवर तशीच पिशवी. एकमेकींना नावं विचारायच्या आधी त्या आज किती लागले ते विचारायच्या. अणदूरची एक मथुराबाई होती, तिनं आधी म्हशी विकल्या, मग गळ्यातलं, आणि शेवटी नवऱ्यानंच एके दिवशी उशीवरून उठायला नकार दिला. मिलिंद शिक्षक होता म्हणून बिलं लावता येत होती, पण बिल मंजूर होऊन येईपर्यंत दवाखाना थांबत नाही, आणि शेवटची प्रतिपूर्ती आली तेव्हा तो गेलेला होता. तो एकदा तिथंच, सलाइनच्या हातानं तिचा हात चाचपत म्हणाला होता, “मी लई महाग पडलो तुला.” तिनं त्याला गप्प केलं होतं. पण ते वाक्य गेलं नाही, बासष्टच्या आकड्याखाली तेच वाक्य होतं हे आत्ता गाडीच्या धक्क्यांत तिला लख्ख दिसलं. तिला मरायचं नव्हतं कधी. तिला महाग पडायचं नव्हतं.

आणि निवृत्त झाल्यावर बिलं लावायची सोय संपली, हे शिवलिंगप्पांनी सकाळी पहिल्या दहा मिनिटांतच सांगितलं होतं. दोन पिशव्या करा म्हणाले होते. एक भाकरीची, एक दवाखान्याची. भाकरीच्या पिशवीत महिन्याच्या महिन्याला पडत राहिलं पाहिजे, म्हणून पेन्शन विकायच्या आधी दहादा विचार करा. दवाखान्याच्या पिशवीला गाठ मारा, ती लग्नाला सुटायची नाही, घराला सुटायची नाही, लेकराच्या डोळ्यांत पाणी आलं तरी सुटायची नाही. शुगर असेल तर लपवू नका, विमा साठीच्या आत घ्या, आणि जे दुखणं आत्ता दारात उभं आहे ते नोकरीत असतानाच उरकून घ्या. तेव्हा ती वहीच्या कोपऱ्यावर फुलं काढत बसली होती, कारण हे सगळं दुसऱ्यांसाठी होतं. आता एकेक शब्द परत येत होता आणि ती त्याला पकडत होती. गुडघा. अजून महिना आहे. उद्याच डॉक्टरकडं जायचं. दाढ. विमा. गादी. भीती होतीच, पण तिच्यात आता काहीतरी करण्यासारखं होतं, आणि करण्यासारखं असलं की भीतीचं अर्धं ओझं उतरतं हा तिचा ऑफिसातला अनुभव. महाग पडायचं तर पडू, पण स्वतःच्या पिशवीतून. खिडकीबाहेर कारखान्याचं धुराडं दिसायला लागलं. गाळप संपलं होतं, उसाच्या ट्रॉल्या रिकाम्या उभ्या होत्या, आणि प्रसेनजितच्या फ्लॅटचा विचार पहिल्यांदा तिच्या मनात असा पुढ्यात येऊन उभा राहिला की त्याला वळसा घालता येईना.

सुमनबाई, तिची आई, ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. एका बाजूला गर, एका बाजूला चिंचोके, समोर दगड, हातात लोखंडी बत्ता. भाऊ बाबू बाजाराला कळंबला गेला होता. आईनं मान वर केली, आधी लेकीकडं बघितलं आणि मग तिच्या पायांकडं.

“नव्या घेतल्यास व्हय? बरं केलंस. इतक्या उनाचं काय काढलंस, पौर्णे? तब्येत बरी हाय न्हवं?”

“लई बरी हाय,” पौर्णिमा म्हणाली आणि माठातलं पाणी गटागटा प्याली. आईच्या शेजारी फतकल मारून बसली, गुडघ्यानं तक्रार केली, तिनं ऐकली नाही. “आई, मला एक सांग. मी जन्मले कधी?”

“आता हे काय नवं? बुद्धपुनवेला. म्हणून तर नाव ठिवलं. खीर शिजत व्हती आन तू आलीस, खीर करपली.”

“ते ठाऊक हाय. पण कोणत्या साली?”

“साल म्या काय सांगावं?” बत्ता एकदा पडला, चिंचोका उडाला. “बाबू दोन वर्साचा व्हता. रांगून, चालून, पळाया लागला व्हता. तू झालीस तवा त्यानं तुला दगूड मारला व्हता, कुणी आणली म्हणून.”

“पण शाळेत तर आमी दोघं एकाच दिवशीचे.”

“ते तुमच्या मास्तरची करणी. बाबूला शाळंत घालाया नेलं तर तू माझा पदर सोडंनास. मास्तर म्हनलं, बाई, पट भरंना झालाय, हिचं बी नाव लावतो, बसंल भावाजवळ. आन दोघास्नी एकच तारीख. मास्तरनी घाईत लिव्हली. वर मलाच म्हनलं, सुमनबाई, तुमाला जुळी झाली.”

हे पौर्णिमाला नवं नव्हतं. घरात ही थट्टा शंभरदा झाली होती, कागदावरची जुळी म्हणून बाबू अजूनही तिला फोनवर ‘बोला जुळ्याबाई’ म्हणतो. पण थट्टा म्हणून ऐकलेली गोष्ट कुणी बेरजेत घेत नाही. बाबूची तारीख निदान सालापुरती खरी होती. म्हणजे ती त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. म्हणजे येत्या पुनवेला तिला अट्ठावन्न नव्हे, छप्पन्न पुरी होणार. तिला तो शाळेचा ओटा दिसला, पाटीवरची उभी बेरीज, मास्तरांच्या अंगाचा तपकिरीचा वास, आणि त्यांचा तो एका सुरातला आवाज: सत्तावीसचे सात, हातचे दोन. सात ती बरोबर लिहायची. हातचे दोन ती दरवेळी विसरायची. मास्तर तिची बोटं धरून दुमडायचे, “हातचे कुठं गेले? हे काय हात नुसते भाकरी खायला दिलेत?” आणि तिला वाटायचं की जे लिहिलेलं नाही ते माणसानं किती वेळ लक्षात ठेवायचं. पन्नासहून जास्त वर्षं झाली आणि ती तेच चुकत आली होती. सरकारी कागद काही बदलणार नव्हता, एकतीस मे काही हलणार नव्हता, पण शरीर कागदावर चालत नाही. दोन वर्षं कुणी मागितली नव्हती, कुणी दिली नव्हती, ती तिच्या मुठीत होतीच आणि तिनं मूठ उघडून बघितली नव्हती. आनंदानं तिला उठून फिरावंसं वाटलं. आईच्या गालाचा मुका घ्यावासा वाटला, पण तशी त्यांच्यात पद्धत नव्हती, म्हणून तिनं एक चिंच उचलून तोंडात टाकली. अंगावर काटा आला, डोळे मिटले, पडलेल्या दाढेच्या जागी आंबट झोंबलं, आणि तिला इतकं बरं वाटलं.

प्रसेनजितचा फोन त्याच वेळी आला. जेवायच्या सुट्टीत तो करतो. ती ओट्यावरून उठली नाही.

“आई, शिबिर कसं झालं? अर्ज भरलास का?”

“सोमवारी भरणार. पण ऐक, पेन्शन मी विकणार न्हाय.”

पलीकडं कुठलातरी दरवाजा लागला. “म्हणजे, थोडी कमी विकणार?”

“अजिबात न्हाय. ग्रॅच्युइटी येईल त्यातली निम्मी तुला. निम्मी दवाखान्याच्या पिशवीत.”

“कसली पिशवी, आई?”

“हाय एक. तिला गाठ मारायचीय.”

“आई, मी बिल्डरला हो म्हणून बसलोय. तूच म्हणालीस ना, बुक कर म्हणून.”

“म्हणाले होते. चुकलं माझं, हिशेब चुकला. तू लहान बघ. एक खोली कमी. माझी खोली काढून टाक त्यातनं.”

“तुझ्यासाठीच तर घेत होतो ती, पूर्वेकडची.”

“ठाऊक हाय रे. पण मी इथंच असणार. आले की हॉलमधी झोपंन.”

तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. लहानपणी रडू आवरताना तो असाच नाकानं श्वास घ्यायचा, तो आता तिशी ओलांडून गेला तरी. तिची गाठ सैल होऊ लागली. होऊ दे, पोरगं आहे, आपल्याला काय, सपाता काय वाईट होत्या. मग तो त्रासून, नेहमीचं शहाणपण सुटून, म्हणाला, “पण आई, असं किती वर्षं जगायचंय तुला?”

शब्द गेल्यावर त्यालाही ते ऐकू आले असावेत. “आई, मला तसं नव्हतं म्हणायचं. आई?” पौर्णिमा वाट बघत होती. आता ते लागेल, आत जाईल, दुखेल. पण एका दिवसात तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला होता आणि या वेळी तिच्यापाशी उत्तर होतं, त्या उत्तराचीच तिला एवढी घाई झाली की दुखायला सवड उरली नाही.

“नव्वद,” ती म्हणाली. “कागदावर ब्याण्णव होतील. हातचे दोन धरून.”

“काय धरून?”

“तुला रात्री सांगते नीट. तूबी गणितात हातचा विसरायचास, माझ्यावर गेलायस. आणि हे बघ, रागवू नको. मी तुला महाग पडणार न्हाय, एवढ्यासाठीच करतीय हे.”

मग तो म्हणाला, “बँकेशी बोलून बघतो.” आवाज बारीक होता. हप्ता वाढणार, त्याची ओढाताण होणार, सूनबाईला काय सांगायचं तेही त्यालाच ठरवावं लागणार, हे तिला कळत होतं, आणि ते तिला कितीतरी दिवस टोचत राहणार होतं. फोन तिनं बाजूला ठेवला. तरी ती मनातल्या मनात गाठ चाचपून आली. घट्ट होती.

बत्त्याचा आवाज थांबल्याचं तिच्या उशिरा लक्षात आलं. आई तिच्याकडं बघत होती.

“नव्वदीचं काय बोलत व्हतीस?”

पौर्णिमानं सगळं सांगितलं. सभागृह, शिवलिंगप्पा, एक जूनचे हात, सगळे कसे हसले ते. सांगताना ती पुन्हा रंगात आली, हातवारे करायला लागली. आधी मी बासष्ट धरले होते, वडील गेले तेवढे, असं हसत हसत म्हणाली, आणि ते साहेब म्हणाले, आईला हिशेबातनं वगळली कुणी.

आई हसली नाही. तिनं गर एका बाजूला सारला. “बासष्ट मंजी आजून किती सालं?”

“कागदानं चारच.”

“मंजी मला पोचवाया तू नव्हतीसच म्हण की.”

ऊन ओट्याच्या कडेला आलं होतं. पौर्णिमाच्या तोंडात चिंचेचा दोरा राहिला होता, तो तिला काढता येईना आणि गिळताही येईना. आईच्या मोतीबिंदूचे पैसे तिनं दिले होते, दर महिन्याच्या गोळ्या ती पाठवत होती, दसऱ्याला लुगडं घेत होती. पण त्या सगळ्या वर्षांत, फलाटावर सामान बांधून बसलेली असताना, आपल्यामागं ही इथं चिंचा फोडत लेकीवाचून राहील असं एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. आई तिच्या हिशेबात मेलेलीही नव्हती आणि जगणारीही नव्हती. ती नव्हतीच.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. सकाळपासून हे वाक्य ती दुसऱ्यांदा म्हणत होती, पण या वेळी तिनं पुढं ‘हिशेब चुकला’ असं जोडलं नाही.

आईनं हात लुगड्याला पुसले, चिंचेचा चिकटा तसा काही पुसला गेला नाही. “आता नव्वद धरलंस?”

“व्हय.”

“तवा म्या किती असंन?”

पौर्णिमानं बोटं दुमडली, हातचे धरले, पुन्हा मोजलं. “एकशे बारा.”

म्हातारी विचारात पडली. दारातल्या शेवग्याकडं, रस्त्याकडं, कारखान्याच्या थंड धुराड्याकडं तिनं बघून घेतलं. “लई व्हत्यात,” ती म्हणाली. “पर धर. मला बी धर तुझ्या त्या पिशवीत.” आणि मग हात पुढं केला. “आन आदुगर आता उठाया धर. गुडघं आखडल्यात. च्या ठिवते.”

पौर्णिमा नव्या चपलांवर भार देऊन उठली आणि तिनं आईचा हात धरला. दोघींचे हात चिंचेनं एकमेकींना चिकटले, आणि आई उभी राहिल्यावरही ते लवकर सुटले नाहीत.